परिचयपत्रात न लिहिलेली ओळ

आमच्या लग्नात रक्तगट पाहिले होते. पत्रिका तर पाहिलीच होती, पण माझ्या मावशीला एकनाडीची फार धास्ती. वधूवरांची नाड एक असली की मूल होत नाही असं जुनी माणसं मानत, आणि आमच्या गिरगावातल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी त्याचा संबंध रक्तगटाशी जोडून दिला होता. त्यामुळे मुलीचा फोटो, उंची, शिक्षण यांच्याबरोबर रक्तगटाची चिठ्ठीही मागवली जाई. माझा गट ए निघाला, हिचा बी. मावशीने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "वेगवेगळे आहेत. आता निर्धास्त व्हा."

मूल आम्हाला तरीही झालं नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचे दिवसही हळूहळू सरले. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला, एक लहानसा फ्लॅट घेतला. मी शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. ही घरी शिकवण्या घ्यायची. आणि दोन हजार सालानंतरच्या त्या दशकात, ती बेचाळीस वर्षांची असताना, तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि कागदावर बोट ठेवून सांगितलं की तुमचा गट ए, त्यांचा बी. तुमची किडनी त्यांना चालणार नाही. ज्या वेगळेपणावर आमचं लग्न जमलं होतं ते असं आडवं आलं. मावशी तोवर गेली होती, ते एका परीने बरंच झालं.

ही गेली त्यालाही आता दहा महिने झाले. एकट्या माणसाला मागचं उकरून काढायला वेळ भरपूर असतो. तिला त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं का, शेवटच्या आठवड्यात मी रजा आधीच टाकायला हवी होती का, असे प्रश्न मी रोज घेऊन बसतो आणि त्यांची उत्तरं मिळत नाहीत. एका गोष्टीपाशी आलो की मात्र श्वास मोकळा होतो. ती गोष्ट सर्वांत वाईट ठरू शकली असती, ठरली नाही. त्यात माझा वाटा थोडा आहे आणि हिचा पुष्कळ. ती लिहून ठेवतो.

हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. केंद्र आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. तिच्या शेजारच्या खाटेवर एक तिशीतला तरुण असायचा. हे कुटुंब काशीगावला राहणारं, मूळचं रत्नागिरीकडचं. तो भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता; त्याचे वडील त्याच कारखान्यात भांड्यांना पॉलिश करण्यात आयुष्य घालवून तीन वर्षांपूर्वी घरी बसले होते. आईला मधुमेह. आणि एक थोरली बहीण, चौतीस वर्षांची, लग्न न झालेली. भावाला केंद्रात आणणं, त्याच्या फायली सांभाळणं, औषधांसाठी रांग लावणं हे सगळं तिच्याकडे होतं. घरी ती खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम करायची, त्यामुळे तिच्या बोटांच्या टोकांना डिंकाचे पापुद्रे असत आणि बोलताना ती ते सोलत बसायची.

ती आल्यावर केंद्रातली शांतता टिकत नसे. डायलिसिसच्या मशीनला ती भावाची सासू म्हणायची. "आठवड्यातून तीनदा तोंड दाखवायलाच लागतं, नाहीतर फुगून बसते." हिला ती वहिनी म्हणे आणि मला भाऊ. हिला हसायला फारसं कुणी उरलं नव्हतं; ती आली की ही हसायची. मी पुस्तक उघडून बसे, पण पान उलटत नसे.

हिचे आणि त्या तरुणाचे डॉक्टर एकच. त्यांनीच एक दिवस दोन्ही घरच्या माणसांना समोर बसवलं. त्या तरुणाचा गट ए होता, माझाही ए. त्याच्या बहिणीचा गट बी आणि हिचाही बी. म्हणजे मी आपल्या बायकोला देऊ शकत नव्हतो, ती बहीण आपल्या भावाला देऊ शकत नव्हती, पण मी तिच्या भावाला आणि ती माझ्या बायकोला देऊ शकत होतो. डॉक्टर म्हणाले, याला अदलाबदल म्हणतात, आपल्याकडे हे अजून नवीन आहे. त्या काळी कायद्यात जवळच्या नातेवाइकांचं स्पष्ट होतं, अदलाबदलीचं स्पष्ट नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी अवयवदानाच्या सरकारी समितीची खास परवानगी काढावी लागे. पैशाचा व्यवहार नाही हे पटवायचं, नाती खरी आहेत हे दाखवायचं. आम्ही लग्नाचे फोटो शोधले, रेशनकार्डाच्या प्रती काढल्या. चारही शस्त्रक्रिया एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू करतात. कारण विचारल्यावर रुग्णालयातल्या समाजसेविका बाई अगदी साधेपणाने म्हणाल्या, "एकाला मिळाल्यावर दुसरा मागे फिरला तर आम्ही कुणाला जबरदस्ती करू शकत नाही. करूही नये."

त्या बाईंनी देणाऱ्या दोघांनाही एकेकटं आत बोलावलं होतं. दार लावून मला विचारलं, तुम्हाला कुणी भाग पाडतंय का. मला हसू आलं. मला कोण भाग पाडणार? त्या दिवसांत ज्याला त्याला माझं कौतुक होतं. शाळेतले शिक्षक माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहत, सोसायटीतल्या बायका हिला सांगत, नशीबवान आहेस. मला ते आवडत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या बहिणीचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. तिच्या घरी विषय निघाला तेव्हा वडील म्हणाले होते, हिच्यासाठी कुणाची परवानगी काढायची नाही, सासर नाही, नवरा नाही, तर हिचीच देऊया. एवढ्यावर ठरलं. हे तिनेच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं, आणि आम्हीही त्या वेळी हसलो होतो.

आता परिचयपत्राचं सांगतो. माझं अक्षर बरं आहे. ग्रंथालयाची कार्डं लिहून लिहून ते तसं झालं. सोसायटीत कुणाचं लग्न निघालं की स्थळांना पाठवायचं परिचयपत्र माझ्याकडून लिहून घ्यायची पद्धत पडली होती. पुढे लोक ते टाईप करून घेऊ लागले, तरी मजकूर माझाच असे. वर्ण गोरा की गव्हाळ, उंची, गोत्र, देवक, रक्तगट, अपेक्षा. हिने ते कधीतरी केंद्रात सांगितलं असावं. एका रविवारी सकाळी ती बहीण आमच्या घरी आली. ही आदल्या दिवशीच्या डायलिसिसने थकून आत झोपली होती. तिने पिशवीतून चार घड्या घातलेला एक जुना कागद काढला आणि म्हणाली, "भाऊ, हे जरा नीट करून द्या ना. ह्यात वय सत्तावीस लिहिलंय. तेवढं तरी खरं लिहूया."

दापोलीकडचं एक स्थळ आलं होतं. माणूस एसटीत वाहक होता, बायको वारलेली, मूलबाळ नाही. फोटो पाहून त्याने स्वतः निरोप धाडला होता. दहा वर्षांत असं झालं नव्हतं, ती म्हणाली. सगळे आधी पत्रिका मागतात. ह्याने फोटो मागितला. हे सांगताना ती बोटांवरचा डिंक सोलत नव्हती, हात मांडीवर ठेवून बसली होती.

मी नवा कागद घेतला आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो. नाव, जन्मतारीख, उंची. रक्तगट, बी पॉझिटिव्ह. तिथे माझा हात थांबला नाही, तिचा आवाज थांबला. मग तिने विचारलं, "ऑपरेशन झालेलं असलं तर ते लिहितात का हो ह्याच्यात?"

मी म्हणालो, तसा रकाना नसतो.

"रकाना नाय ते मला पण दिसतंय. पण नंतर कळलं तर फसवलं बोलतील. आणि आधी सांगितलं तर येतील कशाला?" ती खिडकीकडे बघत होती. "मला द्यायची नाय, भाऊ. भावासाठी जीव तुटतो, नाय असं नाय. पण मला द्यायची नाय. पहिल्यांदा माझं काहीतरी होतंय."

मी विचारलं की मग समाजसेविका बाईंनी एकटीला बोलावलं तेव्हा सांगितलं का नाही.

"बाहेर बाबा बसले होते. आत जाऊन नाय बोलायचं आणि बाहेर येऊन त्यांच्या बाजूला बसायचं?" मग ती नेहमीसारखी हसली. "जाऊ द्या. तुम्ही कुणाला बोलू नका. वहिनींना तर नकोच. त्यांची आशा लागलीय." परिचयपत्र तिने दोनदा वाचलं, अक्षराची तारीफ केली आणि घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवून घेऊन गेली.

मी कुणाला बोललो नाही. तिने तसं सांगितलं होतं, आणि दिलेला शब्द पाळणं ही चांगली गोष्ट आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वाचणाऱ्या माणसाला स्वतःची समजूत काढायला शब्द कमी पडत नाहीत. शस्त्रक्रियेआधी सगळेच घाबरतात, उद्या तिचं मत बदलेल, तिचा भाऊ वाचणार आहे हे कसं विसरायचं, आणि मुख्य म्हणजे तिला भाग पाडणारा मी कुठे आहे? हे शेवटचं वाक्य मला फार दिवस पुरलं. मी तिच्यावर जबरदस्ती करत नव्हतो. तिच्यावर होणाऱ्या जबरदस्तीवर विसंबून फक्त बसलो होतो.

समितीपुढे जायचा दिवस ठरला. केंद्रात तिचे वडील एकदा तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेताना दिसले. तुम्ही किडनी का देताय? स्वखुशीने. कुणी पैसे देऊ केलेत का? नाही. ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणत होती आणि मध्येच माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती, जणू आमच्या दोघांचा हा एक विनोद होता. वडील तिच्यावर ओरडत नव्हते. ते वाईट गृहस्थ नव्हते. आपल्या मुलाचा जीव वाचवायला निघालेले एक साधे गृहस्थ होते, आणि त्या क्षणी माझ्यात आणि त्यांच्यात काडीचाही फरक नव्हता.

आठ दिवस झाल्यावर, समितीच्या दोन दिवस आधी, मी हिला सांगितलं. ठरवून सांगितलं असं नाही. दुपारी जेवत होतो. तिला दिवसाला पाणी मोजून असायचं. सकाळी ती एक बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर तीच. जेवताना तिने पेल्यात दोन बोटं पाणी ओतलं, पेला उजेडात धरला, परत थोडं बाटलीत टाकलं. मग म्हणाली, "त्या पोरीला काय द्यायचं आपण? साडी दिली तर पैशांत धरतील का हो समितीवाले?" हातातला घास मी ताटात ठेवला. मी परिचयपत्रापासून सगळं सांगितलं.

तिने हातातला पेला खाली ठेवला. मग विचारलं, "कधीची गोष्ट ही?"

"गेल्या रविवारची."

"म्हणजे आठ दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली, "मला ती नको."

मी वाद घातला. म्हणालो, तिचा भाऊही आहे त्यात, आपण नको म्हणालो तर त्यालाही मिळणार नाही. आपल्याला काय हक्क? ती म्हणाली, "त्याला हवी असेल तर तुम्ही द्या की. मी कुठे अडवते? पण तिची माझ्या पोटात बसवून मी काय करू? रोज सकाळी उठून मला आठवणार, ही रडत दिलेली आहे." मी म्हणालो, रडत नाही, हसत. "तेच," ती म्हणाली. "ती हसते तेव्हाच मला कळायला हवं होतं."

माझी किडनी तिच्या भावाला नुसतीच देऊन टाकायची, हे मला सुचलंही नव्हतं. ते ऐकल्यावर मी गप्प झालो. नात्यात नसलेल्या माणसाला मला तसं देताही आलं नसतं, समितीने परवानगी दिली नसती. पण मी गप्प झालो तो कायदा आठवून नाही. हिच्या मोबदल्यात नसेल तर मला ती द्यायची नव्हती. त्या मुलीला नव्हती द्यायची, तशीच मलाही. फरक एवढाच की माझं मन मला लपवावं लागत नव्हतं.

आता पेच असा होता की ही नको म्हणाली तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की ती मुलगी घरात उघडी पडणार. दुसऱ्या दिवशी आम्ही समाजसेविका बाईंना भेटायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, मी तिला वडील बाहेर बसलेले असताना विचारलं. त्यांनी त्याच दिवशी कसल्याशा तपासणीच्या निमित्ताने तिला एकटीला बोलावून घेतलं. मग डॉक्टरांनी तिच्या घरच्यांना कळवलं की तुमची मुलगी देण्यासाठी योग्य नाही. कारण? कारण आम्ही कुणालाच सांगत नाही, तो नियम आहे. वडिलांनी फार विचारलं, पण नियम म्हटल्यावर त्यांचा आवाज बसला. मी नंतर बाईंना म्हणालो की हे खोटं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "खोटं कुठे? जिचं मन नाही ती योग्य नाही. आम्ही यापेक्षा एकही शब्द जास्त बोललो नाही."

अशी आमची अदलाबदल मोडली. त्या रात्री ही गाढ झोपली. मला वाटलं होतं ती रडेल, मी तर आतून कोसळलो होतो. सकाळी तिने शिकवणीच्या मुलांना निरोप धाडला की आजपासून पुन्हा या. माझ्याशी ती पूर्वीसारखी बोलू लागली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला एवढंच कळलं की तिच्यासमोर बसून जेवायला मला पुन्हा लाज वाटत नाही. तिचं आयुष्य किती उरलंय ते माहीत नव्हतं, आणि तरी मी त्या सकाळी हलका झालो होतो. याची मला त्या वेळी भीती वाटली. आता वाटत नाही.

पुढचं घडलं ते डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाने. मुलगी बाद झाल्यावर त्यांनी त्या घरच्यांना विचारलं, बाकी कुणाकुणाचे रक्तगट पाहिलेत? आईचा पाहिला होता. ए होता, पण मधुमेहामुळे ती बाद. मुलीचा पाहिला होता. आणि वडिलांचा? आई म्हणाली, ह्यांचा कशाला? घरातला कर्ता माणूस. ते घरी बसून तीन वर्षं झाली होती, घर मुलाच्या पगारावर आणि मुलीच्या खड्यांवर चाललं होतं, पण कर्ते ते होते आणि कर्त्या माणसाच्या अंगाला कुणी हात लावायचा नसतो. दुष्टपणाने कुणी हे ठरवलं नव्हतं. ते कुणाच्या मनातच आलं नव्हतं. एकसष्ट वर्षांचे, रक्तदाब नाही, साखर नाही, जन्मात दवाखाना माहीत नाही. तपासलं तर गट बी.

एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, एकटेच. मी चहा ठेवायला उठलो तर नको म्हणाले. हातावरचं पॉलिशचं काळं तीन वर्षांतही पुरतं गेलेलं नव्हतं, नखांच्या कडांत राहिलं होतं. ते त्या नखांकडे बघत म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाय. आणि खरं सांगू काय मास्तर, मी पण नाय विचारलं." मी मास्तर नव्हे हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. "पोरीची घेऊया बोललो तेव्हा माझी आठवण मलाच झाली नाय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला शरम वाटली."

सगळे रिपोर्ट चांगले आले होते. माझी त्यांच्या मुलाला आणि त्यांची हिला. अदलाबदल पुन्हा उभी राहत होती, आणि माझं मन इतकं धावलं की मी हिच्याकडे बघायलाही विसरलो. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"काका, एक विचारते. रागावू नका. शरम वाटली म्हणून देताय का?"

ते पुन्हा आपल्या नखांकडे बघू लागले. मला वाटलं संपलं सगळं. कशाला विचारायचं होतं? बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल खाली उतरवत होतं, ती पायरीपायरीवर आपटत होती. ती तळाशी पोचली.

"शरम वाटली म्हणून रक्त तपासलं," ते शेवटी म्हणाले. "देतोय ते म्हणून नाय. भीती वाटते मला. रात्री बायकोला बोललो, ते भूल देतात त्यातून माणूस उठला नाय तर? पण तरी द्यायचीय. भीती वाटते आणि द्यायचीय, असं असतं काय?"

"असतं," ही म्हणाली. "मला पण घ्यायची भीती वाटते." मग म्हणाली, "ऑपरेशनच्या टेबलावर चढेपर्यंत कधीही नको वाटलं तर नको म्हणायचं. मला येऊन सांगायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. मी एका शब्दाने विचारणार नाही."

"तुम्ही पण," ते म्हणाले.

मग मी चहा केला आणि त्यांनी घेतला.

समितीने परवानगी दिली. तिथल्या एका सदस्यांनी त्यांना विचारलं की तुम्ही का देताय, तेव्हा पाठ केलेलं काहीच त्यांना आठवलं नाही; ते म्हणाले, मुलगा वाचेल आणि ह्या बाई पण वाचतील. एवढंच. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे एकाच सकाळी झाल्या. मला भुलीतून जाग आली तेव्हा कुशीत अशी काही कळ होती की हिचं नावही आठवेना, आणि परिचारिकेने न विचारताच सांगितलं की दोघांनाही लघवी सुरू झाली आहे, किडन्या चालू लागल्या आहेत. माणसाला इतका आनंद इतक्या साध्या वाक्याने होऊ शकतो हे मला तोवर कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती बहीण मला बघायला आली. मी तिचं गुपित फोडलं होतं, आणि ते तिला माहीत होतं हे मला माहीत होतं. मी काही बोलायच्या आत तिने स्टूल ओढलं. "भाऊ, तुमच्या पोटात काय म्हणजे काय राहत नाय. आधी माझी गोष्ट गेली, आता किडनी." मला हसायची मनाई होती, टाक्यांमुळे. मी हात जोडून तिला थांबवलं. जाताना ती दाराशी वळली आणि गंभीर होऊन म्हणाली, "बरं केलंत." तिचं दापोलीला लग्न झालं. आम्ही दोघेही गेलो होतो, औषधांचा डबा बरोबर घेऊन.

काकांची किडनी हिला अकरा वर्षं पुरली. अगदी शेवटपर्यंत तिने दगा दिला नाही. ही गेली ती दुसऱ्याच आजाराने. या अकरा वर्षांत आम्ही भांडलो, देवदर्शनाला न जाता डोंगरांवर गेलो, तिने शिकवलेली दोन मुलं डॉक्टर झाली. तिच्या मनावर कधी ओझं दिसलं नाही. वर्षातून एकदा ती काशीगावला जाऊन काकांना भेटून यायची, पण आभार मानायला नव्हे. त्यांना त्यांच्या तपासण्या करून घ्यायची आठवण करून द्यायला.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी काका आले. बहात्तर वर्षांचे झाले होते, मुलगा हात धरून घेऊन आला. तो आपल्या कारखान्यात मुकादम झाला आहे; त्याच्याकडची माझी किडनी अजून चालते आहे. काका बराच वेळ तिच्या फोटोसमोर बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि मुलासमोर विचारायचं नव्हतं. मुलगा पाणी प्यायला आत गेला तेव्हा म्हणाले, "मास्तर, ती माझी होती तिचा बाईंना शेवटी काय त्रास झाला काय? खरं सांगा. म्हातारी होती, एकसष्ट वर्षांची."

मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. शेवटच्या दिवशीच्या रिपोर्टातही ती चांगली होती. बाकी सगळं थकलं, ती थकली नव्हती.

त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि मुलाला हाक मारली, "चल रे, निघूया आता." मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. ते एकेक पायरी उतरत होते आणि मी वरून बघत होतो. त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली होती.